रॉन कार्टरचा डबल बेस: जॅझ खालून कसं ऐकायचं

गोव्यात डिसेंबर लागला की जॅझ ऐकायला लांब जावं लागत नाही. पणजीत, कळंगुटच्या पट्ट्यात, नाहीतर मडगावच्या बाजूला कुठल्या ना कुठल्या अंगणात संध्याकाळी चार-पाच जण वाद्यं लावत असतात. ट्रम्पेटवाल्याने वरचा स्वर धरून ठेवला की टाळ्या पडतात, सॅक्सोफोनच्या लांबलचक तानेला दाद जाते, ड्रमवाल्याने हात मोकळे सोडले की मोबाइल वर होतात. मागे एक जण माणसापेक्षा उंच लाकडी वाद्य अंगाशी टेकवून उभा असतो. पहिल्या मात्रेपासून शेवटच्या मात्रेपर्यंत तो वाजवत असतो, आणि त्याने काय वाजवलं हे घरी जाताना कोणालाच सांगता येत नाही.

ते वाद्य म्हणजे डबल बेस. हल्ली पुष्कळदा त्याच्या जागी बेस गिटार दिसते, कारण हे धूड रिक्षात मावत नाही आणि पायलटच्या, म्हणजे मोटारसायकल टॅक्सीवाल्याच्या, मागे बसून तर नेताच येत नाही. ते वाजवणाऱ्यांत मी ज्याच्या पाया पडेन तो रॉन कार्टर. 2015 साली गिनेसवाल्यांनी त्याच्या नावावर 2,221 ध्वनिमुद्रणं मोजली आणि जॅझमध्ये सर्वाधिक ध्वनिमुद्रित झालेला बेसवादक म्हणून त्याची नोंद केली. आकडा थक्क करणारा असला तरी त्यातून त्याचं मोठेपण कळत नाही. नाट्यसंगीत, अभंग, घुमट आरती यांवर कान तयार झालेल्या आपल्यासारख्यांना ते ऐकू यायचं असेल, तर आधी एक बाळबोध प्रश्न सोडवावा लागतो: हा मागचा माणूस करतो तरी काय?

आमच्या भजनी मंडळात पेटीवर एक भाऊ असतात. त्यांना मी कार्टर ऐकवला. थोडा वेळ मान हलवून ते म्हणाले, “हो तानपुरोच न्ही रे?” मग आणखी ऐकलं आणि आपणच म्हणाले, “ना ना, हो ठेको.” दोन्ही अंदाज अर्धे बरोबर आहेत.

तानपुरा गाण्याच्या खाली असतो, डबल बेसही खाली असतो. पण तानपुऱ्यातला षड्ज मैफल संपेपर्यंत जागचा हलत नाही. गायक कुठेही भटकून आला तरी घर तिथेच असतं. डबल बेसचा स्वर मात्र दर मात्रेला बदलतो. ठेक्याचं म्हणाल तर तबला मात्रा मोजून देतो, सम दाखवतो, आणि डबल बेसही तेच करतो. पण तबला ज्या स्वरात लावलाय त्या स्वरातच राहतो. इथे एकाच माणसाने मात्राही द्यायची आणि त्या मात्रेपुरता पाया कुठला हेही ठरवायचं. हे दुसरं काम आपल्या संगीतात कोणाकडेच नाही, त्यामुळे ते ऐकायची आपल्या कानाला सवय नसते.

पेटी असेल तर हे लगेच कळतं. पांढरी एकचा सा धरा. उजव्या हाताने मध्य सप्तकातले सा, ग आणि प एकदम दाबून ठेवा. तो हात आता अजिबात हलवायचा नाही. डाव्या हाताने मंद्र सप्तकातला सा दाबा. स्वच्छ, निःशंक, शाळेच्या प्रार्थनेसारखा नाद येतो. आता डाव्या हाताचा सा सोडा आणि त्याच सप्तकातला शुद्ध ध दाबा. वरचे तीन स्वर तेच आहेत, पण सगळ्याचा चेहरा उतरतो. ध सोडून शुद्ध म दाबा, तर नाद गोड राहतो पण अधांतरी होतो. कोमल नि दाबा, म्हणजे आता इथे थांबता येणार नाही, पुढे कुठेतरी गेलंच पाहिजे असं वाटायला लागतं. भाऊंनी आपणहून कोमल ध दाबून बघितला, “शी!” म्हणून बोट उचललं आणि मग हळूच पुन्हा दाबला.

उजव्या हाताने काहीही बदललं नाही, तरी तुम्ही पाच वेगवेगळ्या गोष्टी ऐकल्यात. अनेक स्वर एकदम वाजले की पाश्चात्त्य संगीतात त्याला कॉर्ड म्हणतात, आणि कॉर्डला कान जे नाव देतो ते बहुतेक वेळा सगळ्यात खालच्या स्वरावरून देतो. म्हणजे ट्रम्पेटवाल्याने ग धरला असेल, तर तो ग प्रसन्न वाटणार की व्याकूळ, हे ट्रम्पेटवाल्याच्या एकट्याच्या हातात नाही. मागच्या माणसाने त्याच क्षणी खाली काय दिलं यावर ते ठरतं. टाळ्या अर्थात ट्रम्पेटला.

आता या स्वरांची चाल बघू. जॅझमध्ये बेसवादक सर्वांत जास्त वेळ जे करतो त्याला ‘वॉकिंग’ म्हणतात, आणि नाव अगदी बरोबर आहे. चार मात्रांचा एक बार, प्रत्येक मात्रेला एक स्वर, एकामागून एक पाऊल. चालायचं कशावरून, तर आधी ठरलेल्या कॉर्डच्या वाटेवरून. सर्वांत सोपी वाट म्हणजे बारा बारचा ब्लूज. पहिले चार बार सा-ची कॉर्ड, पुढचे दोन म-ची, परत दोन सा-ची, मग एक प-ची, एक म-ची आणि शेवटचे दोन पुन्हा सा-ची. एकूण 48 मात्रा, म्हणजे त्रितालाची तीन आवर्तनं. ती संपली की पुन्हा पहिल्यापासून. हे चक्र सगळ्यांच्या डोक्यात फिरत असतं. वर सॅक्सोफोनवाला कितीही लांब गेला तरी आपण कितव्या बारमध्ये आहोत हे तो विसरत नाही. विसरलाच तर त्याला जागेवर आणायचं काम बेसचं.

चौथा बार संपताना काय होतं ते बारकाईने बघण्यासारखं आहे. इथवर सा-ची कॉर्ड आहे आणि पाचव्या बारच्या पहिल्या मात्रेला म-ची सुरू होणार आहे. नवखा वादक सा, ग, प, सा असं वाजवून पाचव्या बारला म-वर उडी मारेल. स्वर बरोबर, पण उडी ती उडीच. मुरलेला वादक सा, ग, प, तीव्र म असं वाजवतो आणि पुढच्या मात्रेला शुद्ध म-वर उतरतो. पेटीवर वाजवून पाहा. तो तीव्र म सा-च्या कॉर्डमध्ये बसत नाही आणि म-च्या कॉर्डचाही नाही, त्याला तिथे कुठलाच हक्क नाही. पण तो शुद्ध म-च्या इतका जवळ आहे की तो वाजला की पुढे काय येणार हे कानाला मात्राभर आधी कळतं, आणि आलं की हायसं वाटतं. दोन मध्यम असे लागून आलेले ऐकले की आपल्याला पहाटेचा ललत आठवतो. इथे ते रागासाठी नाहीत, दार उघडण्यासाठी आहेत.

बेसवादकाची विद्या म्हणजे ही असली दारं. दर बारला निदान एक दार, आणि प्रत्येक दाराला तीन-चार प्रकारच्या कड्या. खालून अर्ध्या स्वराने यायचं की वरून, पंचमावरून उडी घ्यायची, की पोचायच्या जागी मुद्दाम उशिरा पोचायचं. हे सगळं कुठे लिहिलेलं नसतं. कागदावर असलीच तर कॉर्डची नावं असतात. स्वर तो वादक त्या क्षणी निवडतो आणि पुढच्या फेरीत तीच वाट वेगळ्या पावलांनी चालतो.

लयभास्कर खाप्रूमामा पर्वतकरांच्या गोव्यात लयीबद्दल बोलताना जपून बोलावं लागतं. दोन हातांत दोन वेगळे ताल आणि पायात तिसरा असं त्यांचं वर्णन आपण ऐकत आलो आहोत. त्या हिशोबाने बघितलं तर डबल बेसवाला जे करतो ते पहिलीतलं गणित वाटेल: एक, दोन, तीन, चार. अवघड गणित इथे नाहीच. अवघड आहे ते प्रत्येक मात्रेत स्वर नेमका कुठे ठेवायचा हे. मात्रेच्या तोंडावर, मध्यावर की पाठीवर? जलद जॅझमध्ये मिनिटाला 300 मात्रा जातात, म्हणजे एका मात्रेला सेकंदाचा पाचवा भाग मिळतो. त्यातही स्वर केसभर पुढे पडला तर सगळा ताफा पुढे झुकल्यासारखा वाटतो आणि केसभर मागे पडला तर रेलून बसल्यासारखा. ड्रमवाल्याच्या उजव्या हाताखाली एक मोठी झांज असते, तिच्यावर तो सतत एक ठेका धरून असतो. त्या झांजेची टिंग आणि बेसची टुम् एकजीव झाली की श्रोत्याचा पाय आपोआप हलतो. दोघांत जरा फट राहिली की पाय थांबतो, आणि का थांबला हे श्रोत्याला सांगता येत नाही. दहा मिनिटांच्या जलद तुकड्यात हा माणूस तीन हजारांच्या आसपास वेळा तार ओढतो. त्यातली एकही उगाच ओढलेली चालत नाही.

आणि स्वराची लांबी. तार छेडली की आवाज विरायला लागतो. वॉकिंग खरं जमतं ते एक स्वर पुढच्या स्वराच्या उंबऱ्यापर्यंत टिकला तर. मध्येच तुटला की चालणं राहत नाही, ठोकणं होतं. कार्टरचा स्वर पोटातून येतो आणि शेवटपर्यंत गरगरीत राहतो. बोटाच्या टोकाने टोचण्याऐवजी बोटाची कड तारेला लावून ती ओढायची, असा या वादनाचा रिवाज आहे, आणि त्या ओढीत खांद्यापासूनचं वजन येतं. कार्टर एका स्वरावरून दुसऱ्यावर कधीकधी घसरत जातो, तेव्हा तर ती सरळ मींडच असते. आपल्या कानाला त्याची ओळख पटते ती बहुधा इथे.

वाद्याबद्दल थोडं. डबल बेसला चार तारा असतात आणि प्रत्येक तार तिच्या खालच्या तारेच्या मध्यमात लावलेली असते. सर्वांत जाड तार सेकंदाला सुमारे 41 वेळा कंप पावते, पुढच्या 55, 73 आणि 98 वेळा. माणसाचा कान साधारण 20 पासून ऐकायला लागतो, म्हणजे आपण ऐकण्याच्या तळाशीच आहोत. 41 कंपनांच्या आवाजाची एक लाट हवेत आठ मीटरपेक्षा लांब असते. वाद्य माणसापेक्षा उंच असूनही त्या लाटेपुढे फार लहान आहे, त्यामुळे तो मूळ स्वर ते नीटसा बाहेर फेकू शकत नाही. आपल्यापर्यंत जास्त पोचतात ते त्याच्या दुपटीचे, तिपटीचे, चौपटीचे कंप, आणि मेंदू त्यावरून मूळ स्वर जुळवून घेतो. तानपुऱ्याच्या खर्जातून गंधार ऐकू येतो म्हणतात, त्याच्या उलटा हा प्रकार.

म्हणूनच मोबाइलच्या स्पीकरवर जॅझ ऐकू नका. त्या चिमुकल्या स्पीकरला खालचे आवाज काढताच येत नाहीत. ट्रम्पेट छान ऐकू येतो, बेस असल्यासारखा वाटतो, पण त्याचं अंग गेलेलं असतं. पोर्वरीहून पणजीला येताना बसमध्ये ऐकायचं असेल तर निदान कानात घालायचे बरे हेडफोन घ्या.

बोटांचं काम अंगमेहनतीचं आहे. तारेचा वाजणारा भाग साधारण 105 सेंटिमीटरचा असतो. त्यामुळे मानेजवळ सा आणि कोमल रे यांत जवळपास 6 सेंटिमीटरचं अंतर पडतं. व्हायोलिनवर तेच अंतर 2 सेंटिमीटरही नसतं. पहिल्या बोटापासून करंगळीपर्यंत पूर्ण पंजा ताणला की त्यात फक्त सा ते शुद्ध रे एवढंच मावतं. पुढचा स्वर हवा असेल तर तार बदला, नाहीतर अख्खा हात सरकवा. गिटारीसारखे पडदे नाहीत. हात काळोखात सरकवून बरोबर जागी थांबवायचा, सेकंदाच्या पाचव्या भागात, आणि परत पुढच्यासाठी सरकवायचा. चारही तारांचा मिळून ताण शंभर किलोच्या वर जातो, त्यामुळे तार दाबायलाही जोर लागतो. बँडमधल्या इतरांपेक्षा बेसवाल्याची बोटं वेगळी दिसतात, बघा कधी जवळून.

आपल्या हवेत या वाद्याचे आणखी हाल. पुढची पाटी स्प्रूसची, मागची नि बाजूच्या मेपलची, आणि जोड सरसाने चिकटवलेले. जून लागला की लाकूड पाणी पितं, पाटी फुगते, तारा घोडीसकट वर उचलल्या जातात आणि दाबायला आणखी जड होतात. सरस मऊ पडून कडेचा जोड सुटतो. मग ते वाद्य वातानुकूलित हॉलमध्ये नेलं की उलटा प्रवास सुरू. ज्यांच्याकडे प्लायवूडचा बेस आहे त्यांचा आवाज थोडा कमी रसाळ असतो, पण पावसाळ्यात ते जास्त सुखात असतात.

तरी हे वाद्य गोव्याला परकं नाही. गावातल्या खुरसापुढे (क्रुसापुढे) लादाइन, म्हणजे ख्रिस्ती प्रार्थना, व्हायची तेव्हा व्हायोलिनच्या जोडीला रबेकांव असायचा, आणि रबेकांव म्हणजे हाच डबल बेस. चर्चच्या शाळांत पोरांना स्वरलिपी वाचायला शिकवत, आणि त्या शिदोरीवर कितीतरी गोंयकार मुंबईत जाऊन हॉटेलांच्या बँडमध्ये नि सिनेमाच्या स्टुडिओत वाजवू लागले. हळदोण्याचा ट्रम्पेटवादक आंतोनियो शाव्हियर वाझ तिथे चिक चॉकलेट झाला, ताजमध्ये गाजला आणि आपल्या सी. रामचंद्रांचा साहाय्यक म्हणूनही त्याने काम केलं. पन्नाशीच्या दशकातली ती उडती गाणी ऐकताना लताबाईंच्या आवाजाखाली टुम्-टुम् चालतं, ते लक्ष देऊन ऐका. नकळत आपण वॉकिंग बेस लहानपणापासून ऐकत आलो आहोत.

अमेरिकेत या वाद्याची गोष्ट थोडक्यात अशी. सुरुवातीच्या बँडमध्ये खालचं काम बरेचदा ट्यूबा करायचा आणि बारमध्ये दोनच मात्रा वाजायच्या. तीसच्या दशकात काउंट बेसीच्या बँडमध्ये वॉल्टर पेजने चारही मात्रा सारख्या वजनाने चालवून दाखवल्या आणि जॅझची चालच बदलली. 1939 साली ड्यूक एलिंग्टनकडे जिमी ब्लँटन आला. डबल बेसवर सरळ गाणं म्हणता येतं हे त्याने दाखवलं आणि 1942 मध्ये क्षयाने गेला, वय 23. पुढे ऑस्कर पेटिफोर्ड, रे ब्राऊन, चार्ल्स मिंगस, पॉल चेंबर्स. ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसच्या 1959 च्या ‘काइंड ऑफ ब्लू’ या तबकडीमध्ये पहिल्या रचनेची धूनच चेंबर्सच्या बेसवर आहे, आणि बाकीचे त्याला उत्तर देतात. मग स्कॉट लाफारो, ज्याने पियानोच्या खाली चालणं सोडून त्याच्याशी बरोबरीने बोलायला सुरुवात केली. जून 1961 मध्ये न्यूयॉर्कच्या व्हिलेज व्हॅनगार्डमधलं त्याचं वादन मुद्रित झालं आणि काही दिवसांतच मोटार अपघातात तो गेला, वय 25. या वाद्याच्या इतिहासात तरुण मरणं फार.

कार्टरला आयुष्य लाभलं. जन्म 4 मे 1937 चा, मिशिगन राज्यातल्या फर्नडेलचा. दहाव्या वर्षी हातात चेलो आला आणि शास्त्रीय वादक व्हायचं ठरलं. डेट्रॉइटच्या शाळेत असताना त्याच्या लक्षात आलं की चेलोची चांगली कामं गोऱ्या मुलांकडेच जातात. शाळेच्या वाद्यवृंदात बेसची जागा रिकामी होणार होती, म्हणून तो बेसकडे वळला. 1959 मध्ये ईस्टमन संगीत विद्यालयाची पदवी घेतली, तरी अमेरिकेतल्या शास्त्रीय वाद्यवृंदांत काळ्या वादकाला दार बंदच होतं. जॅझचा फायदा झाला. पण तो फायदा कोणत्या अन्यायातून झाला हे विसरून चालत नाही, आणि कार्टरनेही मुलाखतींतून ते कोणाला विसरू दिलेलं नाही.

1963 मध्ये माइल्स डेव्हिसने त्याला घेतलं. पियानोवर हर्बी हॅनकॉक, वय 23. ड्रमवर टोनी विल्यम्स, वय 17. कार्टर 26 चा, म्हणजे मागच्या तिघांत थोरला. पुढच्या वर्षी सॅक्सोफोनवर वेन शॉर्टर आला. 1968 पर्यंत हे पाच जण एकत्र होते आणि माझ्या मते त्या चार वर्षांत जॅझमधला ‘साथ’ हा शब्दच मोडीत निघाला. मागचे तिघे साथ करत नव्हते, ते वाट बदलत होते आणि पुढच्या दोघांना आपापलं बघायला लावत होते.

पेटीवरचा प्रयोग आठवा आणि मग हे बघा. नेहमीचा बेसवादक नव्या कॉर्डच्या पहिल्या मात्रेला त्या कॉर्डचा सा देतो, कारण तेच अपेक्षित असतं. कार्टर बरेचदा तो देत नाही. कधी कॉर्डमधलाच दुसरा स्वर देतो, कधी बाहेरचा, कधी जुन्याच स्वरावर ठाण मांडून बसतो आणि वर कॉर्डमागून कॉर्ड बदलत जातात. हॅनकॉकच्या बोटांखालच्या स्वरांचं नाव त्या क्षणी बदलतं. हॅनकॉक ते ऐकतो आणि पुढच्या बारमध्ये आपला हात बदलतो. डेव्हिस ते ऐकून दोन बार गप्प राहतो आणि मग एकच स्वर टाकतो. हे सगळं तीन-चार सेकंदांत. ज्याने सुरुवात केली त्याने आवाजही चढवलेला नसतो.

हे ऐकायला सोपं उदाहरण ‘फूटप्रिंट्स’. रचना शॉर्टरची, बारा बारचाच ब्लूज पण उदास स्वरांचा आणि सहा मात्रांच्या बारचा. 1966 साली ती दोनदा मुद्रित झाली. फेब्रुवारीत शॉर्टरच्या स्वतःच्या ‘ॲडम्स ॲपल’ या तबकडीसाठी, बेसवर रेजी वर्कमन. ऑक्टोबरमध्ये डेव्हिसच्या ‘माइल्स स्माइल्स’साठी, बेसवर कार्टर. पियानोवर दोन्हीकडे हॅनकॉकच आहे. दोन्हीकडे खाली बेसची एक छोटी आकृती फिरत राहते. वर्कमन ती नेमकेपणाने, भक्कम धरतो आणि वरच्यांना निश्चिंत करतो. ते वादन उत्तमच आहे. कार्टर तीच आकृती धरतो, ताणतो, तिचा एखादा स्वर गिळतो, तिला परत आणतो. टोनी विल्यम्स सहाच्या घरात चारची लय घुसवतो आणि काही वेळ आपण नक्की कुठल्या घरात आहोत हे कळेनासं होतं. आपण आडलयीत हरवलेल्या समेला शोधतो तसंच. अशा वेळी झांज सोडा, ट्रम्पेट सोडा, बेसवर कान ठेवा. ती आकृती कुठे सुरू होते ते सापडलं की सगळं जागेवर येतं. आधी फेब्रुवारीचं ऐका, मग ऑक्टोबरचं. उलट केलंत तर वर्कमनवर अन्याय होईल.

वेगाचा अंदाज घ्यायचा असेल तर 12 फेब्रुवारी 1964 ची न्यूयॉर्कमधली मैफल ऐका. तेव्हा शॉर्टर आलेला नव्हता, सॅक्सोफोनवर जॉर्ज कोलमन होता. त्या एका संध्याकाळच्या दोन तबकड्या निघाल्या: संथ रचना ‘माय फनी व्हॅलेंटाइन’मध्ये, जलद ‘फोर अँड मोर’मध्ये. पहिलीत कार्टर कितीतरी वेळा वाजवतच नाही, स्वर सोडून देतो आणि पोकळीला बोलू देतो. दुसरीत तो धावतो. तोच माणूस, तेच वाद्य, तीच संध्याकाळ.

कार्टरचं सगळंच मला आवडतं असं नाही. सत्तरच्या दशकात बेसला पिकअप, म्हणजे तारेचा कंप टिपणारं यंत्र, बसवून आवाज थेट ध्वनिमुद्रण यंत्रात न्यायची पद्धत आली. त्यात आवाज मोठा झाला, पण लाकूड गेलं. त्या काळातल्या त्याच्या काही तबकड्यांवर तार रबरासारखी वाजते, आणि त्या मी पुन्हा लावत नाही. हा दोष एकट्या त्याचा नाही, त्या दशकातल्या बहुतेक बेसवादकांचे आवाज असेच चपटे झाले होते. कानाला एकदा लाकडाची सवय झाली की ते सहन होत नाही इतकंच.

त्याच दशकातला एक अपवाद मात्र अगदी पहिल्यांदा ऐकणाऱ्याला मी सुचवेन. 1972 मध्ये गिटारवादक जिम हॉलबरोबर न्यूयॉर्कच्या एका क्लबमध्ये त्याने जुगलबंदी केली, ‘अलोन टुगेदर’ नावाने ती निघाली. ड्रम नाही, पियानो नाही, ट्रम्पेट नाही. एक गिटार आणि एक डबल बेस. लपायला जागा नाही आणि श्रोत्यालाही चुकवायला जागा नाही. गिटार पुढे असते तेव्हा खाली चालणं ऐका, आणि गिटार मागे सरते तेव्हा तोच माणूस पुढे येऊन गातो ते ऐका. सुरुवातीला फक्त पहिली मात्रा पकडा, दर बारची पहिली. ती पकडता आली की चौथी पकडा, ती दारं उघडणारी मात्रा. दोन्ही हाताला लागल्या की 1964 च्या जलद तबकडीकडे जा.